मूळ चित्रं परत द्या



या संमेलनाच्या अध्यक्षपदी माझी निवड केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि पुढे कोळगावला मुख्यालय आलं. तेव्हापासून दाखल्यांसाठी, उताऱ्यांसाठी, सह्यांसाठी सगळा जिल्हा इथे खेपा घालतो. आज इथे माणसं चित्रांसाठी जमली आहेत. बोईसर-पालघर भागात कलाशिक्षिका म्हणून उभं आयुष्य काढलेल्या माझ्यासारखीला याचा आनंद किती असेल, ते तुम्ही जाणताच. स्वागत समितीने सोय उत्तम ठेवली आहे. सर्वांचे ऋण मानते आणि विषयाकडे वळते.

विषय मला लेखी कळवला आहे: शाईची बाह्यरेषा आणि जलरंग वापरणाऱ्या आजच्या कथाचित्रकारांची तुलना. तेव्हा आधी आढावा घेते.

आपल्या या परंपरेत दीनानाथ दलाल आहेत. १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ काढला आणि मुखपृष्ठावरचा रंग आणि आतली रेघ, दोन्हींवर एकाच माणसाची हुकमत असू शकते हे घरोघर दाखवलं. वसंत सरवटे पेशाने सिव्हिल इंजिनिअर. त्यांची रेघ माणसाचा स्वभाव पकडायची. ‘ललित’मधला ठणठणपाळ डोळ्यांपुढे आणा. १९२५ साली जन्मलेले शि. द. फडणीस यांची रेघ अखंड, एकसारख्या जाडीची, तिच्या आत रंग सपाट आणि स्वच्छ, आणि शब्दांवाचून हसवण्याची ताकद. गोव्याचे मारिओ मिरांडा यांनी टोकदार शाईने गर्दी काढली, त्या गर्दीतला एकही चेहरा दुसऱ्यासारखा नाही. आजच्यांपैकी माधुरी पुरंदरे यांचं नाव मी आधी घेईन. ‘यश’ मालिकेतलं घर बघा. बारीक रेघ, पातळ रंग, आणि मुलाच्या उंचीवरून पाहिलेल्या वस्तू. चंद्रमोहन कुलकर्णी पुस्तक बदललं की हत्यारही बदलतात, त्यामुळे त्यांची एक शैली सांगता येत नाही. मिलिंद मुळीक मुळात जलरंगातले निसर्गचित्रकार, पण त्यांच्या स्केचबुकांनी कितीतरी मुलांना रस्त्यावर बसून चित्रं काढायला लावलं. वॉटरप्रूफ पेन आणि रंगांची डबी घेऊन रविवारी बाहेर पडणारी शहरी स्केचकारांची नवी पिढी आपण पाहतोच आहोत. परदेशातले क्वेंटिन ब्लेक पुष्कळांचे आदर्श आहेत. ते कच्च्या चित्रावर जाड कागद ठेवतात, खालून दिवा लावतात, वरून खरखरीत निबने जणू पहिल्यांदाच काढल्यासारखं चित्र काढतात आणि मग रंग रेघेबाहेर मोकळा सोडतात.

आढावा आणखी तासभर चालवता येईल, पण मी तो इथेच थांबवते. कारण हा आढावा छापलेल्या पानांचा आहे. यातल्या फार थोड्या चित्रांची मुळं मी पाहिली आहेत, आणि तुमच्यापैकी बहुतेकांनी एकही पाहिलेलं नसेल. मूळ न पाहता आपण कोणाची रेघ कडक, कोणाची मऊ, कोणाचा रंग फिका हे ठरवतो. ही तुलना छापखान्यांची होते, हातांची होत नाही. हे बोलायचं म्हणून मी कितीतरी वर्षं थांबले आहे. आज माईक माझ्याकडे आहे.

एका चर्चासत्रात एका अभ्यासकांनी दोन चित्रकारांची तुलना केली. एकाची रेघ तुटक आणि कोरडी, दुसऱ्याची ओलसर आणि रसरशीत, असं त्यांचं म्हणणं. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. ते दोघे चित्रकार माझे स्नेही. दोघांची मूळ चित्रं दुसऱ्या दिवशी मी एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. निब त्याच जातीची, शाई तीच. एकाचं पुस्तक मॅप्लिथोवर छापलेलं, दुसऱ्याचं आर्ट पेपरवर. कागदाने शाई प्यायली की रेघ कोरडी दिसते, एवढंच! ज्या ‘कोरड्या’ चित्रकाराची कीव केली गेली, त्याच्या मुळात तर रेघ काळी नव्हतीच, सेपिया होती. पदराखालच्या निळ्या सावलीत ती किंचित विरघळली होती आणि तिथे एक जांभळट-तपकिरी कड तयार झाली होती. चित्राचा जीव त्या कडेत होता. छापताना तिची काळी रेघ झाली.

आमच्या मुद्रक मित्रांना मी दोष देत नाही. पण शाई आणि जलरंग छापखान्यात कसे मार खातात, हे चित्रकलेच्या विद्यार्थ्याला कोणी शिकवत नाही, म्हणून सांगते. रेघ आणि रंग एकाच कागदावर असले की स्कॅनर काळी रेघसुद्धा चार रंगांत वाटतो: निळा, किरमिजी, पिवळा, काळा. चार प्लेटी केसभर सरकल्या की रेघेला लाल-निळी झालर येते. कागदाच्या पांढऱ्याहून जेमतेम गडद असलेला पातळ वॉश बिंदूंच्या जाळीत सापडत नाही. फिके पिवळे तर आधी जातात. ‘टिनटिन’वाल्या हर्जेच्या स्टुडिओत यासाठी काळी रेघ वेगळ्या फिल्मवर ठेवत आणि रंग फिकट छापलेल्या दुसऱ्या कागदावर भरत. आपल्याकडे तो खर्च कोण करणार? त्याआधीच्या ब्लॉकच्या जमान्यात गणित आणखी सरळ होतं. रेघेचं चित्र असेल तर जस्ताचा लाइन ब्लॉक, स्वस्तातलं काम. वॉश असेल तर हाफटोन, आणि त्याला गुळगुळीत कागद हवा. म्हणून संपादक सांगत, “लाइनमध्येच द्या.” मराठी चित्रकारांची रेघ एवढी तयार झाली, त्यात प्रतिभेइतकाच वाटा जस्ताच्या भावाचा आहे. आणि आपण शैलीची चर्चा करतो!

आता सकाळच्या सत्रातला वाद. रेघ आधी की रंग आधी? दोन्ही बाजूंनी पुष्कळ तत्त्वज्ञान झालं. मी सातपाटीच्या बंदरावर बसून जे शिकले ते सांगते. दिवाळी अंकाची चित्रं ऐन आषाढ-श्रावणात होतात. मासेमारी बंद, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, चित्र काढायला याहून चांगली वेळ नाही. पण हवा अशी की कागदाचं सायझिंग मऊ पडतं आणि शाई फुटते. होडीच्या नाळेवर एक रेघ ओढावी, तर तिला मिशा फुटतात. अशा दिवसांत बंडल फोडल्याबरोबर कोऱ्या कागदावर रात्री रेघ काढायची, ती वाळू द्यायची आणि सकाळी रंग लावायचा. एप्रिल-मेमध्ये उलट. निबवरच शाई सुकते, वॉश मिनिटात वाळून कडा धरतो. तेव्हा रंग आधी मोठ्या ब्रशने उरकायचा, आणि रंगाला जे सांगता आलं नाही तेवढंच नंतर रेघेने सांगायचं. हा वाद हवेवर सुटतो. पुण्याच्या कोरड्या हवेत बसून सातपाटीच्या चित्रकाराला नियम सांगू नयेत.

संगणक की हात, या दुसऱ्या वादात मी पडणार नाही. एवढंच म्हणेन की टॅब्लेटवर काढणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांची मुळं त्यांच्याजवळ असतात, थरांसकट, तारखेसकट. कागदावर काढणारे आम्ही मात्र रिकाम्या हाताने परततो.

माझ्या बाबतीत काय घडलं ते आता सांगते. मुंबईच्या एका प्रकाशनासाठी मी मुलांचं एक पुस्तक केलं. केळव्याची, शिरगावची, वैतरणेच्या काठाची चित्रं होती त्यात. दोन पुठ्ठ्यांत बांधून, पालघरहून शटलने, मांडीवर धरून नेली होती. डहाणूपर्यंत लोकल नव्हती तेव्हाची गोष्ट. पुस्तक निघालं, मानधन मिळालं. चित्रं मागितली तर उत्तर आलं, “पुस्तक छापलं ना, आता चित्रं कशाला हवीत?” पुढे पत्रं लिहिली. गोदामात पाणी शिरलं, असं कळवलं गेलं. बऱ्याच वर्षांनी एका बाइंडरकडून त्यातलं एक चित्र माझ्या हाती आलं. बोंबील वाळवणारी कोळीण. कोपराशी पांढऱ्या रंगाचं ठिगळ, कारण तिचा हात मी नंतर बदलला होता. समासात संपादकांची लाल पेन्सिल. आणि पाठीमागे बॉलपेनने केलेला कागद कापण्याचा हिशेब! बॉलपेन इतकं दाबून चालवलं होतं की पुढच्या बाजूला, तिच्या डोक्यावरच्या आभाळात, ते आकडे खोबणीसारखे उमटले होते.

इतक्यावर संपलं असतं तर मी घरात रडून गप्प बसले असते. पण त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. मुळं नव्हती, म्हणून जुन्या छापील पानांवरून स्कॅन केलं. जाळीवर जाळी चढली, कोळणीच्या गालावर चौकटी उमटल्या, वॉश चिखलासारखा झाला. परीक्षण आलं: बाईंचा हात आता उतरला आहे. वर्गातल्या मुलींनी ते कात्रण वाचलं. मी त्यांना काय दाखवणार होते? पुरावा रद्दीत गेला होता.

मित्रहो, कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. हक्क कोणाचा, याची चर्चा आपण अधूनमधून करतो, तीही करावी. पण छापण्याचा हक्क वेगळा आणि कागद वेगळा. हक्क विकत घेणाऱ्याने कागदही ठेवून घ्यावा, हा रिवाज कोणी घातला? आम्ही मुकाट्याने मान्य केला, म्हणून तो चालू राहिला.

मला उत्तर मिळतं की चित्र टिकवण्याचा एवढा अट्टहास कशाला, तुमच्याच जिल्ह्यातल्या वारली बाया लग्नाचा चौक भिंतीवर काढतात आणि पुढे तो सारवून टाकतात. हे उत्तर देणाऱ्यांनी कधी वारली पाड्यावर जाऊन लग्न पाहिलेलं नसतं. चौक सारवला तरी चालतो, कारण पुढच्या लग्नात तो काढणाऱ्या सवाशिणी घरातच असतात. हात हाच त्यांचा संग्रह. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७०च्या दशकात तीच चित्रं कागदाकापडावर आणली, २०११ साली पद्मश्री मिळवली, २०१८ साली ते गेले. कागदावर आलेलं चित्र मग जपावंच लागतं. ते जपलं परदेशातल्या संग्राहकांनीही. आमची डहाणू-तलासरीची मुलं वारली चित्र पाहतात ते कपबशीवर आणि पिशवीवर.

जपता येतं, हे इतरांनी दाखवलं आहे. बिअॅट्रिक्स पॉटर यांनी शिंप्याच्या गोष्टीसाठी काढलेली मूळ जलरंगचित्रं लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत. ती पाहिली की छापील पुस्तकात किती उरलं आणि किती गेलं, ते मोजता येतं. ब्लेक यांच्या पुढाकाराने त्याच शहरात २०१४ साली खास इलस्ट्रेशनच्या कलेसाठी एक दालन उघडलं. लंडन लांब आहे म्हणाल, तर गोवा जवळ आहे. मारिओंचं विखुरलेलं काम वास्तुरचनाकार जेरार्ड द कुन्या यांनी नेटाने जमवलं, त्याचा भला थोरला ग्रंथ केला, गॅलरी चालवली. एका माणसाने मनावर घेतलं म्हणून हे झालं. महाराष्ट्रात एवढे दिवाळी अंक, एवढे प्रकाशक, बालभारतीची एवढी पुस्तकं. त्या सगळ्यांतली मुळं एकत्र पाहता येतील अशी खोली कुठे आहे? शाई आणि रंग बनवणाऱ्या कॅम्लिनचा कारखाना आपल्या तारापूर वसाहतीत आहे. रंगाचं साहित्य इथे, काढणारे हात इथे, आणि काढलेलं चित्र ठेवायला कपाट नाही.

तेव्हा कामं सांगते. पहिलं, प्रत्येक चित्रकाराने काम घेतानाच लिहून घ्यावं की छपाईनंतर मूळ परत मिळेल. नव्या मुलांना हे मागायला संकोच वाटतो. ज्येष्ठांनी आधी मागावं. दुसरं, मुळांची एक नोंदवही व्हावी: कोणाचं चित्र, कोणत्या अंकातलं, कोणाकडे. तिसरं, या मुख्यालयाच्या प्रशस्त इमारतींत एक खोली मिळावी. दमट हवा, कसर आणि बुरशी यांचा बंदोबस्त कसा करायचा, पैसे कुठून आणायचे, हे समिती बसवून ठरवू. समितीत मुद्रक हवेत, हा माझा आग्रह आहे. कागद त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतो.

आणि सभागृहात बसलेल्या प्रकाशक मित्रांना एक थेट विनंती. तुमच्या माळ्यावर, कपाटाच्या तळाशी, जुन्या पुठ्ठ्याच्या फोल्डरांत आमच्या पिढीची आणि आमच्या आधीच्या पिढीची चित्रं पडून आहेत. आणून द्या. इतकी वर्षं कुठे होती, हे कोणी विचारणार नाही. चित्रकार हयात नसेल तर त्याच्या मुलाबाळांकडे द्या. ती मिळाली की तौलनिक अभ्यासाचं जे भाषण आज माझ्याकडून मागितलं होतं, ते पुढच्या संमेलनात ज्याला करायचं असेल त्याने करावं. मी पहिल्या रांगेत बसून ऐकेन.

शेजारच्या दालनात माझी हाती लागलेली मुळं आणि त्यांची छापील पानं जोडीने लावली आहेत. जेवणाआधी पाहून घ्या, भिंग टेबलावर ठेवलं आहे. दुपारी खुल्या अधिवेशनात मूळ चित्र परत करण्याचा ठराव मी स्वतः मांडणार आहे. अनुमोदन देणाऱ्यांनी नाव कार्यवाहांकडे द्यावं. विरोध असेल त्यांनीही द्यावं, आणि व्यासपीठावर येऊन बोलावं.