बारा रुपये पगाराचे सुतार



आयटीआयच्या मुलांसाठी दीक्षान्त समारंभ करावा हे आपल्याला फार उशिरा सुचलं. आयटीआय ज्या योजनेखाली चालतात ती कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली १९५० साली, आणि पहिला कौशल दीक्षान्त झाला १७ सप्टेंबर २०२२ ला, विश्वकर्मा जयंतीच्या दिवशी. मधली ७२ वर्षं मुलं प्रमाणपत्र घ्यायची आणि बस पकडायची. असो. आता सुतारालाही व्यासपीठावर बोलावून टाळ्या वाजवतात, हे चांगलं झालं.

सुतारकाम शिकलेल्या तुमच्यातल्या अनेकांना वर्षभरात नातेवाइकांनी विचारलं असेल, "सुतारकाम? का रे, इलेक्ट्रिशियनला नंबर नाही लागला?" काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. त्यात लाजण्यासारखं काही नाही. या धंद्यात माणसं कशी येतात हे पाहिलं, तर ठरवून आलेले थोडे आणि कुणाच्या तरी शेजारी उभं राहता राहता आलेले जास्त दिसतात.

पूर्वी गावात या धंद्यात कोण येणार हा प्रश्नच नव्हता. सुतार बलुतेदार. नांगर, कुळव, गाडीचं चाक, पाळणा: तिरडीचे बांबू सोडले तर सगळं त्याच्याकडून यायचं आणि सुगीला धान्याच्या रूपात मोबदला मिळायचा. त्याचा मुलगा अंगणातच वाकस धरायला शिकायचा. शिकवणी म्हणून ही पद्धत उत्तम होती, पण दार एकाच घराला उघडं होतं. शेजारच्या मुलाचा हात कितीही चांगला असला तरी त्याला कुणी हत्यार देत नसे. आज तुमच्या वर्गात कोण कोण बसलं आहे ते पाहा. ते दार आयटीआयसारख्या संस्थांनी उघडलं, ही छोटी गोष्ट नाही.

आपल्या वसईचा सुतारकामाशी संबंध मात्र नांगरापेक्षा मोठा आहे. पोर्तुगीजांच्या काळात इथे जहाजं बांधली जात. चिमाजी अप्पांनी १७३९ साली किल्ला घेतला, हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. त्याच्या तीनच वर्षं आधी, १७३६ मध्ये, सुरतेच्या गोदीतला लवजी नसरवानजी नावाचा पारशी सुतार काही साथीदार घेऊन मुंबईला आला. ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत गोदी उभी करायची होती. या लवजींचं घराणं म्हणजेच पुढचं वाडिया घराणं.

मला या घराण्यातली एकच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. लवजी मुख्य बांधणीकार झाले होते, कंपनीत वजन होतं. तरीही त्यांचे नातू फरामजी माणेकजी आणि जमशेटजी बमनजी गोदीत आले ते साधे सुतार म्हणून, महिना बारा रुपयांवर. आजोबांनी त्यांना थेट देखरेखीला बसवलं नाही. हाताने लाकूड कापल्याशिवाय दुसऱ्याने कापलेलं बरोबर आहे की नाही ते कळत नाही, एवढा साधा हिशेब. या जमशेटजींनी बांधलेलं 'कॉर्नवॉलिस' हे लढाऊ जहाज १८१३ साली मुंबईत पाण्यात उतरलं. १८४२ चा ब्रिटन-चीनमधला नानकिंगचा तह याच जहाजावर झाला. त्यांचंच १८१७ चं 'ट्रिंकोमाली', मलबारी सागाचं, आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. बारा रुपये पगाराच्या सुताराचं लाकूड दोनशे वर्षं पाण्यात टिकलं.

हे फार लांबचं वाटत असेल तर वसईतल्याच पाचूबंदरला जा. लाकडी होडीचं काम चालू असेल तर फळ्या सोडा, आतल्या बरगड्या बघा. सरळ ओंडक्यातून वाकडा तुकडा कापला तर लाकडाची नस मध्येच तुटते आणि लाटेच्या पहिल्या तडाख्यात तो तुकडा तिथेच फाटतो. म्हणून कारागीर वळण असलेली बाभळीची फांदी शोधतो, म्हणजे नस वळणाबरोबरच वळते. नकाशा नाही, डोळ्याचं माप. फायबरच्या होड्या वाढल्या तशी ही नजर असलेली माणसं कमी होत चालली आहेत. त्यांच्याजवळ चार रविवार बसलात तर पुस्तकात नाही ते मिळेल.

आणि वसईच्या पूर्वेला, वालीव, सातिवली, गोखिवरेच्या गाळ्यांत काय चालतं? तिथे राजस्थान, उत्तर प्रदेशातून आलेली मुलं हेल्पर म्हणून लागतात. आधी भुसा झाडायचा, चहा आणायचा, मग मिस्त्री म्हणतो, "दुसरं टोक धर." प्लायवूडचं दुसरं टोक धरणं हे बिनकामाचं काम वाटतं, पण करवत कुठे अडकते, फळी कुठे झुकते, हे त्या टोकाला हाताला कळतं. अडचण एवढीच की काही मिस्त्री वर्षानुवर्षं दुसरंच टोक धरायला लावतात. तुम्ही रंधा मारून, खाच पाडून, त्यात कुसू बसवून शिकलात; त्या मुलांना ती सोय नव्हती. गाळ्यात गेलात की प्रमाणपत्राचा तोरा मिरवू नका. त्यांच्यातला एखादा तुमच्यापेक्षा दुप्पट वेगाने लॅमिनेट बसवेल.

हल्ली आणखी एक नवी मंडळी आली आहे: विरारच्या फ्लॅटमध्ये राहणारी, आठवडाभर विरार फास्ट लोकलमध्ये लोंबकळणारी, रविवारी लाकूडकाम करू पाहणारी. यूट्यूब बघून महागडी हत्यारं घेतात आणि महिन्याभरात ती माळ्यावर जातात. कारण बहुतेक वेळा एकच असतं, धार. नव्या रंध्याचं पातं दुकानातून येतं तसं कामाचं नसतं. आधी त्याची पाठ दगडावर सपाट करायची, मग उतार साधारण २५ अंशाचा, आणि अगदी टोकाची धार ३० अंशाच्या आसपास. असं पातं सागावर फिरलं की आवाजच बदलतो. आरपार दिसेल अशी पातळ वळी उठते आणि खालची फळी सँडपेपर न लावता चमकते. हा एक क्षण अनुभवलेला माणूस लाकूडकाम सोडत नाही. तुमच्यासाठी इथे रोजगारही आहे. अशा लोकांना रविवारी धार लावायला शिकवा आणि पैसे घ्या, फुकट नको.

धार जमली की प्रश्न येतो पहिल्या कामाचा. नवशिक्याला पहिलं काम छोटं आणि घरात वापरता येईल असं द्यावं, हे फिनलंडने ओळखून १८६६ मध्ये हस्तकाम शाळेत सक्तीचं केलं. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षण मांडलं, आणि त्याच विचाराने डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढला. बाकी बऱ्याच शाळांनी कार्यानुभवाचा तास गणिताला देऊन टाकला.

आता उद्यापासूनची कामाची गोष्ट. वसईच्या हवेत लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाही. मे महिन्यात घट्ट बसवलेला सागाचा ड्रॉवर जुलैत उघडणार नाही आणि गिऱ्हाईक तुम्हालाच फोन करेल. मेमध्ये फट सोडा. मशीनवर मास्क लावा, मिस्त्री हसला तरी लावा. लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच सांगितलं आहे. स्वतःचं काम सुरू करणार असाल तर पीएम विश्वकर्मा योजनेची चौकशी करा. तिच्या १८ व्यवसायांत सुतार आहे. हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आणि आधी एक, मग दोन लाखांचं कर्ज ५ टक्के व्याजाने मिळतं.

शेवटी एक मागणं. उद्या तुमचा गाळा होईल, तेव्हा दारात एखादं पोर येऊन उभं राहील. त्याला झाडू द्या, हरकत नाही, पण पहिल्याच आठवड्यात रंधाही द्या. अ‍ॅप्रेंटिस म्हणून रीतसर नोंद करा, पगार वेळेवर द्या. आणि मुलगी शिकायला आली तर तिला थेट पॉलिशच्या कामाला बसवू नका, करवत द्या.