आजोबांनी चमचा उचलल्यावर



घरची जेवणं पुढे ढकलून तुम्ही परक्यांच्या जेवणाबद्दल ऐकायला आला आहात, तेव्हा फार ताणत नाही. कोरियन ताटाभोवतीचे रिवाज सांगायचे तर यादी लांबेल. मी एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे, चमच्याबद्दल. मराठीत चमचा म्हटल्यावर ज्या प्राण्याची आठवण होते तो त्यांच्याकडेही आहे, पण आजचा विषय तो नव्हे.

चीन, जपान, कोरिया म्हटलं की आपल्याला काड्या दिसतात. कोरियात मात्र भात आणि सूप चमच्याने, बाकीच्या भाज्या, किमची, मासे काड्यांनी. दोन्हींचा जोड म्हणजे 'सुजो'. दोन्ही एका हातात एकदम धरायचे नाहीत. एक ठेवावं, मग दुसरं घ्यावं. ही जोडी जुनी आहे. गोंगजू गावी १९७१ साली बेकजे राज्याचा राजा मुर्योंग याची कबर सापडली. तो ५२३ साली वारला. कबरीत त्याच्याबरोबर काशाचे चमचे आणि काड्या ठेवलेल्या होत्या.

शिजलेल्या भाताला कोरियनमध्ये 'बाप' म्हणतात. खरा उच्चार 'बाप' आणि 'पाप' यांच्या मधला कुठेतरी येतो, त्यामुळे मराठी माणसाची सुरुवातीला पंचाईत होते. तर हा बाप जपानी माणूस वाटी तोंडाशी नेऊन खातो. कोरियन माणूस वाटी जागची हलवत नाही. उचलून खाणं हे भिकाऱ्याचं लक्षण, असं घरोघरी मुलांना दटावतात. हॉटेलात तर वाटी स्टीलची, झाकणाची आणि आत वाफाळता भात; उचलायला गेलात तर चटकाच बसेल. त्या वाटीमागे सरकार आहे. तांदळाच्या टंचाईचे दिवस होते, म्हणून सोल शहराने १९७६ साली हॉटेलातल्या वाटीचं मापच ठरवून दिलं: आतला व्यास १०.५ सेंटिमीटर, उंची ६. त्याआधीच्या काळातले वाडगे केवढे होते ते किम होंग-दोच्या अठराव्या शतकातल्या चित्रांत पाहावं. त्याच्या एका चित्रात रस्त्याकडेच्या खाणावळीत एक वाटसरू बसला आहे. वाडगा एका हाताने कलता केला आहे, दुसऱ्या हातातला चमचा तळाशी गेला आहे, शेवटचा घास गोळा करायला. वाडगा कलला आहे, पण उचललेला नाही.

आता मुख्य रिवाज. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाने चमचा उचलल्याशिवाय कुणी खायला सुरुवात करायची नाही. हे पुष्कळांना माहीत असतं. शेवट कसा करायचा ते मला माहीत नव्हतं. मी पोटापाण्यासाठी दुभाष्याचं काम करतो, आणि त्या धंद्यात ऐन तिशीत एकदा गोंगजूला एका सहकाऱ्याच्या घरी जेवायला गेलो. मला भराभर जेवायची सवय. भात संपला, सूप संपलं, मी चमचा पुसून टेबलावर आडवा ठेवला आणि तृप्त चेहऱ्याने बसलो. आजोबांचा निम्मा भात शिल्लक होता. बाकी सगळ्यांचंही आटोपलं होतं, पण त्यांचे चमचे आपापल्या सूपच्या वाडग्यात. आजी काही बोलल्या नाहीत. हात लांब करून त्यांनी माझा चमचा उचलला आणि माझ्या रिकाम्या वाडग्यात ठेवला. आजोबांनी आपला खाली ठेवल्यावर सगळ्यांचे खाली आले. म्हातारं माणूस सावकाश जेवतं. आपल्यामुळे पोरं खोळंबली असं त्याला वाटू नये, म्हणून सगळ्यांनी अजून जेवत असल्याचं नाटक करायचं. आपल्या पंगतीतही शेवटच्या माणसाचं होईपर्यंत उष्टा हात वाळवत बसतातच.

हे ऐकून हरखून जाऊ नका. जोसन राजवटीच्या काळातल्या खानदानी घरांत पुरुषांना प्रत्येकी वेगळा चौरंग मिळे. त्यांचं झालं की उरलेलं अन्न चौरंगासकट खाली सरके, धाकट्यांकडे, बायकांकडे, नोकरांकडे. भाज्या चिवडू नयेत, वरखाली करू नयेत, आवडतं तेवढं वेचून खाऊ नये, हे नियम मला त्या खालच्या माणसांच्या बाजूने वाचावेसे वाटतात. मागून जेवणाऱ्या बायका आपल्याला अनोळखी नाहीत.

भातात चमचा उभा खोचायचा नाही, तेवढं मात्र सांभाळा. पितरांच्या 'जेसा' विधीत भातात चमचा असाच उभा ठेवतात. तो जेवणारा या जगातला नसतो. बोलीभाषेत 'चमचा खाली ठेवला' म्हणजे माणूस गेला. दुसऱ्याच्या तयार पानावर नुसता आपला चमचा आणून टेकवणारा म्हणजे आपला आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा. आणि अवचित पाहुणा आला की घरची बाई म्हणते, एक चमचा जास्त मांडला की झालं. कुटुंबाला ते 'सिक्कू' म्हणतात, शब्दशः खाणारी तोंडं. आपणही घरातली माणसं तशीच मोजतो.

मद्याचे रिवाज सोडून देतो. दोन्ही हातांनी ओतावं, दोन्ही हातांनी घ्यावं, वडीलधाऱ्यांसमोर तोंड बाजूला वळवून प्यावं; एवढ्यावर निभावतं.

सोलमधल्या पुष्कळ हॉटेलांत टेबलाच्या कडेला खण असतो, त्यात चमचे आणि काड्या. बसल्याबरोबर धाकट्याने खण उघडायचा, कागदी रुमाल पसरून प्रत्येकापुढे जोडी मांडायची. वीस वर्षं ते काम माझं. गेल्या खेपेला हात सवयीने खणाकडे गेला, तर शेजारच्या पोराने आधीच माझ्यापुढे चमचा मांडलेला. सूप आलं, भात आला. झाकणं निघाली. गप्पा थांबल्या, कुणीच खाईना. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिलो, कुणाची वाट पाहतायत म्हणून. मग लक्षात आलं, आणि चमचा उचलला.