जुन्या मोटारींतील रेडिओ

जुन्या मोटारींचे शौकीन रंगाच्या आणि कातड्याच्या बाबतींत फार काटेकोर असतात. दिव्याची कांच मूळची आहे काय, चाकांवरील टोप्या त्याच सालच्या आहेत काय, याची चौकशी ते तासन्‌तास करतील. पण हेच लोक रेडिओपाशीं आले कीं त्यांची निष्ठा डळमळते. दर्शनी फलकास करवत लावून तेथें निळ्या आकड्यांनीं लुकलुकणारी पेटी बसविणारे महाभाग थोडेथोडके नाहींत. गाणें स्पष्ट ऐकूं यावें ही इच्छा गैर नव्हे. परंतु फलकास पाडलेलें भगदाड पुन्हां पूर्वीसारखें बुजत नाहीं.

१९४८ सालच्या शेव्हरोलेचें उदाहरण घ्यावें. जनरल मोटर्सचा शिवडी येथील कारखाना १९२८ सालीं सुरू झाला, व तेथें जोडलेल्या शेव्हरोले गाड्या मुंबईकरांच्या चांगल्या ओळखीच्या होत्या. त्या काळच्या मोटार-रेडिओची रचना मोठी मौजेची असे. त्याच्या व्हॉल्व्हांना दोनशेंच्या आसपास व्होल्ट लागत, आणि बॅटरी तर अवघी ६ व्होल्टची! यावर युक्ति अशी कीं, कंपक नांवाची एक पोलादी पट्टी सेकंदास शंभरांहून अधिक वेळां थरथरून बॅटरीचा एकसारखा प्रवाह तोडीत असे. मग रोहित्राच्या साह्यानें त्याचा दाब वाढवितां येई. गाण्याआधीं ऐकूं येणारी ती गुणगुण या पट्टीचीच. एवढ्या खटाटोपानें ऐकावयास मिळत तीं मध्यम लहरींचीं केंद्रें, आणि तींहि एकाच कर्ण्यांतून.

सुधारणेची प्रचलित रीत म्हणजे रेडिओचें तोंड तसेंच ठेवून पोट बदलणें. काटा, तबकडी, बटनें जुनीं. आंत मात्र आजची जोडणी. तीवर एफ्. एम्. केंद्रें लागतात आणि खिशांतील मोबाइलवरचें गाणेंहि बिनतारी पोंचतें. अँप्लिफायर बैठकीखालीं लपवावा. अडचण कर्ण्याची. जाळी एक आणि स्टीरिओच्या वाटा दोन! त्यासाठीं एकाच पडद्यावर दोन वेटोळीं असलेला कर्णा मिळतो. डावी व उजवी बाजू त्यांत एकत्र वाजते, गळत कांहींच नाहीं. खरा स्टीरिओच हवा असल्यास मागील बैठकीपाठची फळी काढून जपून ठेवावी, तिच्या मापाची दुसरी करावी, आणि तींत कर्णे बसवून वर कापड ताणावें. दारें कापूं नयेत.

खरी मेख विजेंत आहे. आजचीं यंत्रें १२ व्होल्टवर चालतात. शेव्हरोलेनें मात्र १२ व्होल्ट स्वीकारले ते १९५५ सालच्या गाड्यांपासून. रेडिओसाठीं साऱ्या गाडीचे दिवे, स्टार्टर आणि डायनामो बदलणें म्हणजे डोंगर पोखरून उंदीर काढणें होय. रेडिओपुरता दाब चढविणारी लहानशी पेटी पुरते. तथापि हिशेब विसरूं नये. १२ व्होल्टवर ४ अँपिअर घेणारें यंत्र ६ व्होल्टच्या बॅटरीकडून ८ अँपिअर मागतें, आणि पेटींत वायां जाणारी वीज धरली तर नऊ-दहा. इंजिन मंद असतां जुना डायनामो जवळजवळ कांहींच देत नाहीं. रात्रीं दिवे लावून दादरच्या गर्दींत अर्धा तास रखडलें, तर गाणें चालू राहील, पण बंद पडलेली गाडी पुन्हां सुरू होईलच असें नाहीं. म्हणून अँप्लिफायर लहान, तार जाड, आणि फ्यूज बॅटरीच्या लगत.

विलायती गाड्यांत आणखी एक धोका संभवतो. त्यांपैकीं पुष्कळ गाड्यांत १९६० नंतरहि कांहीं वर्षें बॅटरीचें धन टोक सांगाड्यास जोडलेलें असे. आजच्या रेडिओचें कवच ऋण टोकाशीं जोडलेलें. दोहोंची गांठ पडली कीं ठिणगी! नुसती रबरी बैठक येथें पुरत नाहीं, कारण एरिअलच्या तारेचें आवरणहि सांगाड्यास भिडतें. दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीनें अलग ठेवणारी पेटीच वापरावी.

हें सारें रेडिओ मेलेला असेल तर. दुरुस्त होण्याजोगा असेल तर त्याचें पोट फाडूं नये. जुने कागदी व रासायनिक कपॅसिटर आधीं बदलून घ्यावे. तसें न करतां वीज सोडल्यास रोहित्र जळण्याची भीति असते. कंपकाऐवजीं तशाच डबींत ट्रान्झिस्टरांची जोडणी मिळते व ती त्याच खोबणींत बसते. मग आवाजाच्या बटनापाशीं एक बारीक तार जोडून बाहेरचें गाणें आंत सोडतां येतें; तिचें टोक फलकांतील कप्प्यांत सहज दडतें. आजचें गाणें जुन्या व्हॉल्व्हांतून आणि जुन्याच कर्ण्यांतून येऊं लागतें, थोडें दबलेलें, पण गोड. फक्त व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा मिनिट वाट पाहावी लागते.