केमोथेरपीची औषधे : ती काय करतात आणि मध्येच का थांबवू नयेत
(वार्षिक सर्वसाधारण सभेतील भाषण)



'केमो' हा शब्द आता हिंगोली जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवरही पोहोचला आहे आणि त्यासोबत भीतीही पोहोचली आहे. ते एकच जहाल औषध असते, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ही अनेक औषधे आहेत व प्रत्येकाची रीत निराळी आहे.

कर्कपेशीचा स्वभाव अनिर्बंध विभागत राहण्याचा. बहुतेक औषधे याच विभाजनावर घाव घालतात. सायक्लोफॉस्फामाइड डीएनएचे धागे एकमेकांस बांधून टाकते. मग त्यांची नक्कल निघत नाही. मेथोट्रेक्सेटची तऱ्हा शेतकरी बांधवांस चटकन उमगेल. बोगस बियाणे दिसते अस्सलासारखे, पण उगवत नाही. मेथोट्रेक्सेट फोलिक आम्लासारखे दिसते. पेशी फसते आणि तिची वाढ खुंटते. याच कुळातील अमिनोप्टेरिन अमेरिकेत डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले होते. डॉक्सोरुबिसिन हे जमिनीतील सूक्ष्मजीवापासून लाभलेले लाल औषध. ते दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते. ते रक्त नव्हे, हे आम्ही आधीच सांगतो. तरी घरची माणसे घाबरतातच.

आपल्या अंगणातल्या सदाफुलीचीही एक कथा आहे. मधुमेहावरील गावठी उपाय म्हणून तिची परीक्षा करताना कॅनडातील शास्त्रज्ञांस पांढऱ्या पेशी घटताना दिसल्या, आणि त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन हाती आले. व्हिन्क्रिस्टिन तिचेच. पेशी दुभंगताना जे सूक्ष्म धागे विणते, ते ही औषधे विणूच देत नाहीत. पॅक्लिटॅक्सेल नेमके उलट करते : विणलेले धागे सुटूच देत नाही. परिणाम एकच. यू वृक्षाच्या सालीतील या द्रव्याची रचना १९७१ साली उलगडणाऱ्यांत डॉ. मनसुख वाणी होते. त्यांचा जन्म आपल्या नंदुरबारचा, हे आम्ही अभिमानाने नमूद करतो. मात्र सदाफुलीची पाने चघळून कर्करोग बरा होत नाही. काही ग्रॅम औषधासाठी टनावारी पाने लागतात, आणि तिचा काढा विषारी ठरू शकतो.

ही औषधे केस, तोंडाचे अस्तर व अस्थिमज्जा यांतील झपाट्याने वाढणाऱ्या निरोगी पेशींनाही सोडत नाहीत. मज्जा सावरावी म्हणून दोन मात्रांत बहुधा तीन आठवड्यांचे अंतर ठेवतात. एका मात्रेने सर्व कर्कपेशी मरत नाहीत. काही अंशच मरतो. दोन मात्रांत गाठ विरघळते, तोवर सोयाबीनच्या पेरणीचे किंवा हळद शिजवण्याचे दिवस येतात आणि रुग्ण परत येत नाही. गाठ दिसेनाशी झाली तरी पेशी उरलेल्या असतात, आणि त्या पुन्हा वाढल्या की तेच औषध पूर्वीसारखे लागू पडेलच असे नाही. देणगीदारांस आमची विनंती आहे की, पहिल्या मात्रेइतकाच शेवटच्या मात्रेचाही विचार व्हावा. प्रवासखर्चाचाही व्हावा.

आप्तेष्टांसाठी एक गोष्ट. मात्रेनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात, आणि तेव्हा रुग्ण घरीच असतो. ताप १००.४ अंश फॅरेनहाइट झाला, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी निघा आणि केमोची फाईल सोबत घ्या.