मुलांचे रक्षण कोणी करावयाचे?



प्राथमिक शाळेतील मुलांना एकमेकांशी आदराने वागण्यास आणि स्वतःस जपण्यास कसे शिकवावे, हा विषय चालकांनी आमच्याकडे दिला. आम्ही शिक्षक नव्हे, कामगारांत वावरणारे. तेव्हा पहिला दाखला कारखान्यातलाच देतो.

एका कारखान्यात प्रेसवर काम करताना एका कामगाराची दोन बोटे गेली. काम भराभर उरकावे म्हणून यंत्राचा गार्ड काढून ठेवला होता. भिंतीवर मात्र भली मोठी पाटी होती : ‘सावध राहा’. चौकशीत ठरले काय, तर कामगाराचा निष्काळजीपणा! 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 21 मध्ये धोक्याच्या यंत्रभागांस कुंपण घालणे बंधनकारक केले होते. पाटी लावली की सुटलो, असे त्यात कोठेही नव्हते.

मुलांच्या बाबतीत आपण हल्ली पाटीच लावीत आहो. शाळेत वर्षातून एक तास ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ शिकवावयाचा आणि सहा वर्षांच्या पोराने स्वतःचा सांभाळ करावा, म्हणून निर्धास्त व्हावयाचे. तो तास नको असे आम्ही म्हणत नाही, अवश्य घ्या. पण तो गार्ड नव्हे.

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापुरास शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे कळले आणि लोकांनी रेल्वे रोखली. रस्त्यावर उतरण्यास आम्ही कसे नावे ठेवणार? आमचे आयुष्य त्यातच गेले. परंतु जमाव पांगल्यावर माणूस घरी जातो, आणि खरे काम तेथे आहे. केंद्र सरकारने 2007 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 13 राज्यांतील 12,447 मुलांना विचारले गेले. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचे सांगितले. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे लोक ओळखीचे किंवा विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कोणापाशी काढली नव्हती.

का काढली नसावी? आमच्याच घरची गोष्ट सांगतो. एक जुने स्नेही आले होते. नात दाराआड लपली. आम्ही तिला हाताला धरून ओढले, “आजोबांच्या मांडीवर बस, पापा दे, शहाणी ना तू?” पोर बसली, पण लाकडासारखी. स्नेही भला माणूस. त्यांच्याकडे काडीचा दोष नाही. दोष आमचा. पाहुण्यापुढे तुझ्या ‘नाही’ला किंमत नाही, हा धडा आम्हीच तिला दिला. उद्या एखाद्या नीच माणसाने तिला जवळ ओढले, तर ती आमच्याकडे कोणत्या भरवशावर येईल? आता ती लांबून नमस्कार करते. कोणाचा अपमान झाल्याचे आम्हांस अजून कळले नाही.

गंमत अशी की मुलांना हे आपल्याआधी कळते. आट्यापाट्या असोत की पकडापकडी, एकाने मूठ तोंडाशी नेऊन ‘टॅम्प्लीज’ म्हटले की सारे थांबतात. कारण कोणी विचारीत नाही. हाच नियम वर्गात आणावा. वेणी ओढू नको, डबा हिसकू नको, जातीवरून वा अंगलटीवरून चिडवू नको; समोरचा ‘थांब’ म्हणाला की थांब. हे मुलग्यांनाही शिकवावे आणि त्यांचे ‘थांब’ही ऐकावे. मुलगे रडत नाहीत, या समजुतीखाली पुष्कळ रडणे दडपले गेले आहे.

बाकीचे थोडक्यात. शरीराच्या सर्व अवयवांची खरी नावे मुलांना ठाऊक असावीत, म्हणजे सांगताना शब्द अडत नाही. वाढदिवसाची गंमत लपवावी, ती पुढे उघड व्हावयाचीच असते. पण “आईला सांगू नकोस” असे मोठ्या माणसाने बजावले, तर ते आधी आईलाच सांगावे. आणि मुलाने सांगितल्यावर “तू तिकडे गेलासच कशाला?” हा प्रश्न तोंडातून काढू नये. तो चौकशीतल्या साहेबाचा प्रश्न आहे.

2012 चा पोक्सो कायदा अठरा वर्षांखालील मुलगा व मुलगी दोघांसाठी आहे. गुन्हा कळूनही पोलिसांस न कळविणे हाच त्यात गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचे कृत्य दडपले तर त्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संस्थेचे नाव जाईल म्हणून गप्प बसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो. घेणाऱ्या पोलिसाने गणवेशात नसावे, असेही कायदा सांगतो. हे ठाऊक नसल्यामुळे आईबाप ठाण्याची पायरी चढावयास भितात.

मुलांसाठी 1098 हा फुकट दूरध्वनी आहे. आमच्या कचेरीतील फळ्यावर तो खडूने लिहिला आहे. त्याच्या वर वर्गणीच्या थकबाकीदारांची यादी आहे, त्यामुळे फळा सगळे वाचतात.