सोनघंटा : सह्याद्रींतील एक दुर्मिळ झुडूप

मोरा बंदरावर उतरून उरणकडे निघालें, कीं वाटेच्या कडेला पेटारीचें झुडूप सहज दृष्टीस पडतें. पिवळीं फुलें आणि चाकासारखीं दातेरी फळें यांवरून लहान मुलांनाहि तें ओळखतां येतें. खणलेली जमीन, मातीचा ढीग, मोडकें कुंपण, सर्व कांहीं पेटारीला चालतें. हिचीच एक बहीण सह्याद्रीच्या उतारांवर राहते. तिचें नांव सोनघंटा. दोघींचें कूळ एक. दैव मात्र अगदीं निराळें.

हिवाळ्यांत या उंच झुडपावर तांबूस शिरांचीं, नारिंगी-पिवळीं, घंटेच्या आकाराचीं फुलें लोंबूं लागतात. कोल्हापूर-रत्नागिरीच्या वाटेवरील आंबा घाटांत रानडे यांनीं हिचे नमुने गोळा केले. १८९४ सालीं वुड्रो व स्टाफ या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं त्यांचेंच नांव या जातीला देऊन तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. पुढें तोरणा, वासोटा अशा मोजक्याच ठिकाणीं ती आढळली. सह्याद्रीबाहेर ती रानांत कोठेंहि उगवत नाहीं.

आज तिची गणना अतिसंकटग्रस्त वनस्पतींत होते. हा शब्द केवळ हळहळीचा नव्हे. त्यामागें मोजमाप आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या कसोट्यांपैकीं एक अशी, कीं रानांत प्रौढ झाडें ५० हून कमी उरलीं तर ती जात या वर्गांत जाते. यापुढील पायरी म्हणजे रानांतून नाहींसें होणें.

थोड्या जागीं असणें हेंच अशा जातीचें मोठें संकट होय. पेटारीचें एक रोप उपटलें, तर शेजारीं दहा उभीं असतात. सोनघंटेचा एक उतार वणव्यांत जळाला, अथवा रस्त्यासाठीं तासला गेला, तर सर्व जातीचा मोठा हिस्साच लयास जातो. त्यांतून फुलोऱ्यामागून बीं तयार होतें न होतें तोंच सुकल्या गवताला वणवे लागण्याचे दिवस येतात.

प्रयोगशाळेंत व उद्यानांत हिचीं रोपें वाढविण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि ते स्तुत्य आहेत. पण कुंडींतलें रोप ही पुंजी झाली; घर तें डोंगरावरच. तें राखण्यास फार मोठा खर्च लागत नाहीं. गडावर जाणाऱ्यानें फांदी मोडूं नये, रोप उपटून आणूं नये आणि विस्तव पेटता सोडूं नये, एवढें झालें तरी पुढच्या हिवाळ्यांत त्या घंटा जागच्या जागीं डोलतील.