तार तुटली तरी लालच

अमेरिकेतील इलिनॉय रेल्वे संग्रहालय १९५३ साली स्थापन झाले आणि १९६४ मध्ये युनियन गावी आले. तिथल्या जुन्या गाड्या प्रवासी घेऊन धावतात. म्हणून सिग्नलही खरे लागतात. त्यांच्या तारा जोडतात स्वयंसेवक.

तत्त्व विल्यम रॉबिन्सन यांच्या १८७२ च्या ट्रॅक सर्किटचे. रुळांतली सौम्य वीज रिलेपर्यंत पोचते तोवर हिरवा दिवा. गाडी आली, की तिची चाके दोन्ही रूळ जोडतात, रिलेची वीज जाते, सिग्नल लाल होतो. तार तुटली तरी लालच! मात्र भलतीकडे जोडलेली तार गाडी उभी असतानाही हिरवा दाखवू शकते. म्हणून प्रत्येक जोड तपासावा लागतो. काम बिनपगारी असेल, पण डब्यातल्या माणसाचा जीव तेवढाच मोलाचा. हौसेची खरी कसोटी मला इथे दिसते.